संशयात सोडलेला कंदील

एकदा एका हळदीच्या पेठेत एका व्यापाऱ्याने पन्नाशी उलटल्यावर इंग्रजी शिकायचं मनावर घेतलं. त्याचा माल परदेशी जाऊ लागला होता, आणि फोनवर पलीकडचा माणूस बोलू लागला की शेठ नुसते 'येस, येस' म्हणत घामाघूम व्हायचे. गावात एक निवृत्त गुरुजी होते. पेढी उघडण्यापूर्वी रोज सकाळी शेठ त्यांच्या ओसरीवर येऊन बसू लागले.

गुरुजींनी व्याकरणाचं पुस्तक काढलंच नाही. ते म्हणाले, "शेठ, एवढं ध्यानात ठेवा. इंग्रजीत वस्तूचं नाव घाईने घेत नाहीत. कुणाची, किती, कशी, कशाची, हे सगळं आधी सांगायचं आणि मग वस्तू. माय टू ओल्ड ब्रास लँप्स. माझे दोन जुने पितळी कंदील."

"हे तर आपल्यासारखंच की," शेठ म्हणाले, आणि त्यांचा अर्धा धसका तिथेच गेला.

मग काय विचारता! पोत्यांवर शिक्के मारावेत तसे ते दिसेल त्या वस्तूला शब्द लावत सुटले. तराजू सुटला नाही, पोती सुटली नाहीत, शेजाऱ्याचं कुत्रंसुद्धा सुटलं नाही. वस्तू संपल्या तशी माणसांची पाळी आली.

शेठ मुळात संशयी स्वभावाचे. कुणी शिंकलं तरी हा आत्ताच का शिंकला म्हणून निरखणारे. त्यातून आषाढात शेजारच्या पेढीवर चोरी झाली. शेठांच्या मालातलं एक हळकुंडही कमी झालं नव्हतं, पण मन चिंती ते वैरी न चिंती. त्यांची नजर आपल्याच मुकादमावर, बसलिंगवर जाऊन बसली. बसलिंग वीस वर्षं त्यांच्याकडे हळद साठवण्याचं काम पाहत होता.

एका सकाळी शेठ म्हणाले, "माय ओल्ड मुकादम." छान, असं गुरुजी म्हणाले. पुढे ते झालं 'माय ओल्ड सायलेंट मुकादम'. गुरुजींनी मान वर केली. मग मध्ये 'क्लेव्हर' आलं. हुशार या अर्थाने नव्हे, हे शेठांच्या तोंडावरूनच कळत होतं. आणि शेवटी त्यांनी विचारलं, "गुरुजी, लबाडला काय म्हणतात?"

गुरुजींनी शब्द सांगितला. मागितलेला शब्द न देणारा कसला शिक्षक?

दुसऱ्या दिवशी शेठांनी सगळं एका दमात म्हणून दाखवलं. "माय ओल्ड सायलेंट क्लेव्हर डिसऑनेस्ट मुकादम." वर समाधानाने म्हणाले, "सोमवारी काढून टाकतोय त्याला. चार पेढ्यांवर सांगूनही ठेवतो. उगाच दुसऱ्या कुणाचं नुकसान नको."

त्या पेठेत चार पेढ्यांनी एखाद्याचं नाव टाकलं की पाचवी त्याला दारात उभं करत नसे. बसलिंगला दुसरं काम येत नव्हतं, आणि पंचेचाळिशीत शिकणार तरी काय? आता इथे गुरुजींनी शेठांना दोन शब्द सुनवायला हवे होते, असं मलाही वाटतं. पण ते एवढंच म्हणाले, "उद्याचा पाठ तुमच्या पेवांवर घेऊ."

पेव म्हणजे हळद साठवण्यासाठी जमिनीत खणलेला खोल खड्डा. तोंड अरुंद, पोट मोठं. वरून दगड ठेवून मातीने लिंपला की आतली हळद वर्षानुवर्षं किडत नाही. मात्र बंद पेवात वाईट हवा साठते. म्हणून पेव उघडलं की आधी दोराने पेटता कंदील खाली सोडायचा. तो जळत राहिला तर माणूस उतरतो. विझला तर कुणी पाय आत घालत नाही.

गुरुजी पोचले तेव्हा बसलिंगने हमालांच्या मदतीने एका पेवाचा दगड नुकताच बाजूला केला होता. गुरुजींनी आत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "शेठ, उतरा खाली."

शेठांना वाटलं थट्टा आहे. गुरुजींचा चेहरा पाहून ते गडबडले. "अहो, कंदील कुठे सोडलाय अजून?"

"कंदील कशाला? पेव तुमचं, हळद तुमची. वर्षानुवर्षांची ओळख आहे."

"ओळखीचं असलं म्हणून काय झालं? आत काय साठलंय ते वरून दिसतं का?" शेठांचा आवाज चढला. मनात नको ती शंकाही आली, की हा म्हातारा बसलिंगला सामील तर नाही?

बसलिंगने कंदील पेटवला, दोराला बांधला आणि हळूहळू खाली सोडला. निम्म्या वाटेवर ज्योत बारीक झाली आणि विझली. "दुपारपतुर उघडं ऱ्हाऊ द्या, मालक," एवढं म्हणून त्याने कंदील वर ओढून घेतला.

गुरुजी शेठांना बाजूला लिंबाच्या सावलीत घेऊन गेले.

"शेठ, मातीच्या खड्ड्यात पाय घालण्यापूर्वी तुम्ही कंदील मागता. संशयात मात्र एकेका शब्दाने खाली उतरत गेलात, आणि एकदाही कंदील मागितला नाही. 'लबाड मुकादम' म्हटलं की ऐकणारा मान डोलावतो. त्याला वाटतं, लबाडीचा निवाडा आधीच कुठेतरी झालेला असणार. पण 'बसलिंगने लबाडी केली' असं पुरं वाक्य बोला. समोरचा लगेच विचारील, कधी? कुणी पाहिलं? हे दोन प्रश्न म्हणजेच कंदील. सोडून पाहा. जळत राहिला, तर मीच म्हणेन, काढा त्याला."

"बसलिंगने..." शेठांनी सुरुवात केली आणि ते थांबले. मग एकदम आठवून म्हणाले, "परवा पुलाजवळ तो समोरच्या पेढीच्या मालकाशी बोलत होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"काय बोलत होता?"

शेठ उपरणं सारखं करू लागले.

"मग त्यालाच विचारा."

शेठांनी हाक मारली. बसलिंग टॉवेलला हात पुसत आला. विचारल्यावर त्याने काहीच लपवलं नाही. "व्हय मालक, भेटलो. त्यांनीच बोलावलं हुतं. दसऱ्यापासनं आमच्याकडं ये म्हणाले. इचार करून सांगतो म्हटलं."

शेठांनी गुरुजींकडे विजयी मुद्रेने पाहिलं. गुरुजींनी तिकडे लक्ष दिलं नाही. "विचार का करावासा वाटला, बसलिंग?"

त्याने अंगठ्याने पायाखालची माती उकरली. "इतकी वर्सं गोदामाची किल्ली माझ्याकडं हुती. आषाढात मालकांनी मागून घेतली. मी पेव लिंपलं की मागनं येऊन दगड हलवून बघत्यात, हमालांच्या समोर. लई लागलं मनाला. पर बोलणार काय? मालकांनी कवा काय इचारलंच न्हाई. म्हणून गप ऱ्हायलो." आणि तो कामाला निघून गेला.

शेठांची ती मुद्रा उतरली. ज्या मुकेपणाला ते लबाडी समजत होते, तो त्यांच्याच संशयाने त्याच्यावर लादला होता.

दुसऱ्या सकाळी ते ओसरीवर आले, पण चहाला हात लावला नाही. गुरुजी म्हणाले, "आज एक पुरं वाक्य सांगा."

शेठांनी घसा खाकरला. "आय डाउटेड बसलिंग." मी बसलिंगवर संशय घेतला.

"कधी?"

"आषाढापासून."

"कुणी पाहिलं?"

"बसलिंगने," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मग मला सांगून काय उपयोग, शेठ?"

शेठ तसेच उठले आणि पेवांवर गेले. बसलिंग उकिडवा बसून कंदिलाची काच पुसत होता. शेठ त्याच्यासमोर मातीतच बसले, खिशातून गोदामाची किल्ली काढून खाली ठेवली आणि तेच वाक्य मराठीत म्हणाले.

बसलिंगने किल्लीकडे पाहिलं, शेठांकडे पाहिलं. लगेच उचलली नाही. काच पुरती पुसून झाल्यावर त्याने कंदील शेठांच्या हातात दिला.

"धरा जरा, मालक," तो म्हणाला. "वात बदलायला पायजे. दसरा झाला की मोठं पेव उघडायचं हाय आपल्याला."