हेमलताबाई आणि जुनी डिस्क

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात अंध मुलांची एक शाळा होती. तिथली छपाईची खोली हेमलता निमकर नावाच्या बाई सांभाळत. त्या मजकूर टाइप करायच्या, एक जुना प्रोग्राम तो ब्रेल लिपीत बदलायचा आणि छपाईयंत्र जाड कागदावर ठिपके उठवायचं. मुलं त्यावरून बोटं फिरवून वाचायची. तो प्रोग्राम बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती.

संगणक फार संथ झाला, म्हणून बाईंनी मुख्याध्यापकांना न विचारताच तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्त करणाऱ्या इरफानकडून त्यात नवी डिस्क बसवून घेतली. त्याने जुनीवरचं सगळं नवीवर उतरवलं आणि जुनी डिस्क बाईंच्या हातात दिली. "बाई, हिला एवढ्यात हात लावू नका," असं सांगून तो गेला.

संगणक आता झटक्यात सुरू होऊ लागला. ब्रेलचा प्रोग्राम मात्र उघडेना. पडद्यावर एक लांबलचक संदेश आला. 'सापडत नाही' एवढेच शब्द बाईंनी वाचले आणि संदेश बंद केला. परीक्षा तोंडावर होती आणि सगळ्या प्रश्नपत्रिका त्या प्रोग्राममध्येच होत्या.

मुख्याध्यापक श्रीरंग गुर्जर स्वतः अंध होते. ते दाराशी येऊन म्हणाले, "बाई, आज यंत्राचा आवाज नाही?"

"तापलंय सर. जरा थंड होऊ देते."

सर काठी टेकत यंत्रापाशी गेले, त्यावर हात टेकवला आणि परतले.

त्या एका खोट्याने बाईंची भीती दुप्पट झाली. कुणी येण्याआधी सगळं जागेवर यायला हवं, म्हणून त्या दिसेल ते बटण दाबू लागल्या. प्रोग्राम आणि त्याच्या सगळ्या फायली काढून टाकल्या, प्रोग्राम पुन्हा बसवला. तोच संदेश. मग त्यांच्या मनात एक काळा विचार आला. जुनी डिस्कच खराब निघाली, असं सांगितलं तर? ती कोरी असली, तर मला कोण दोष देणार?

त्यांनी जुनी डिस्क संगणकाला जोडली आणि ती पुसण्याची आज्ञा दिली. 'सगळं पुसायचं का?' पडद्याने विचारलं. बाईंनी बोट 'हो'कडे नेलं. एवढ्यात मागे काठीचा आवाज झाला.

"पडद्यावर काय दिसतंय, बाई?" सरांनी विचारलं.

सरांना पडदा दिसणार नव्हता. काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण बाईंना पुढचं खोटं बोलवेना. "सर, यंत्र तापलं नव्हतं," असं म्हणून त्यांनी रडत रडत सगळं सांगितलं.

"ठाऊक आहे. हात लावून पाहिला होता. गार होतं." सर खुर्चीवर बसले. "मुलांच्या परीक्षेचं काय, या विचाराने मलाही घाम फुटलाय. पण आधी ते पुसणं राहू द्या. प्रोग्रामचा तो संदेश मला वाचून दाखवा. पूर्ण."

बाईंनी ती चौकट तशीच ठेवून प्रोग्राम पुन्हा सुरू केला आणि प्रथमच तो संदेश शेवटपर्यंत वाचला. "'डी' ड्राइव्हवरचं प्रश्नपत्रिकांचं फोल्डर सापडत नाही." त्या थबकल्या. नव्या डिस्कवर त्या भागाचं, म्हणजे ड्राइव्हचं, नाव 'डी' नव्हतंच, 'ई' झालं होतं. प्रोग्राम बिचारा जुन्या पत्त्यावर शोधत होता. एवढंच!

त्यांनी घाईघाईने 'ई' उघडला. फोल्डर रिकामं होतं. प्रोग्रामच्या फायली काढताना प्रश्नपत्रिकाही त्यांच्याच हातून गेल्या होत्या. आता त्या उरल्या होत्या फक्त जुन्या डिस्कवर. आणि पडद्याच्या कोपऱ्यात ती चौकट अजून उत्तराची वाट पाहत होती: 'सगळं पुसायचं का?'

बाईंनी 'नाही'वर बोट ठेवलं.

मग त्यांनी इरफानला फोन केला आणि काहीही न लपवता घडलं ते सांगितलं. तो आला. त्याने जुन्या डिस्कवरून प्रश्नपत्रिका पुन्हा उतरवल्या, ड्राइव्हला 'डी' हे नाव परत दिलं आणि प्रोग्राम उघडला. छपाईयंत्र खडखडू लागलं. सरांनी पहिल्या कागदावरून बोटं फिरवली आणि हसून म्हणाले, "पेपर अवघड आहे हं, बाई."

बाईंनी जुनी डिस्क कपाटात जपून ठेवली. मग त्यांनी यंत्रात पुढचा कागद सरकवला.

तात्पर्य: भीतीपोटी चूक झाकायला गेलेला माणूस ती सुधारण्याचा शेवटचा मार्गही आपल्याच हाताने बंद करतो; म्हणून चूक झाली की आधी थांबावं आणि खरं सांगावं.