गाढवाने नाव भरली

गाढवं नाव चालवायची, तेव्हाची गोष्ट. नदीला पूर आला म्हणून जनावरं नावेत चढली. प्रत्येकाची अट वेगळी. बोका म्हणाला, "मला छताखाली बसव, नाहीतर कुत्र्यापासून लांब." गाढवाने त्याला छताखाली बसवलं, तर तिकडे कुत्र्याला शेजारचं साळिंदर टोचलं.

गाढव ओरडलं, "एकाचं बिघडलं की सगळंच बिघडलं! उतरा सगळे, पहिल्यापासून बसा!"

असं कितीदा तरी झालं. पाणी गळ्याशी आलं.

कोंबडी कडाडली, "मेल्या, टोचतंय साळिंदर आणि उठवतोस बोक्याला? साळिंदर तेवढं हलव. आणि पुन्हा त्याला कुत्र्याजवळ बसवू नकोस, एवढं डोक्यात ठेव!"

साळिंदर हललं, नाव सुटली. पहिल्यांदा 'उतरा' ऐकून निघालेली गोगलगाय अजून नावेतच होती.