सहीखालचे नाव

एकदा एका राष्ट्राध्यक्षाला आपल्या वृद्ध गुरूंपुढे लेखणी खाली ठेवावी लागली, त्याची ही गोष्ट. देश अमेरिका. काळ हवा तो धरा, दृष्टांताला तारीख लागत नाही. गुरू म्हणजे कोणी जटाधारी ऋषी नव्हेत. राज्यघटना शिकवण्यात ज्यांचे आयुष्य गेले, असे ते एक न्यायपंडित होते. सारे त्यांना आचार्य म्हणत. त्यांच्या हाताखालून गेलेला एक विद्यार्थी देशाच्या सर्वोच्च आसनावर बसला होता. अखेरचा शिष्य, एक तरुण वकील, अजून त्यांच्याच घरी राहून शिकत होता.

या तरुण शिष्याने एक खटला हाती घेतला होता. दक्षिणेकडच्या एका राज्यात कॅल्विन नावाच्या माणसाला खुनाबद्दल देहदंड झाला होता. पुढे एक दुसराच माणूस रुग्णालयात मरायला टेकला असताना धर्मगुरूंपुढे बोलून गेला की तो खून माझ्या हातचा. कॅल्विनची आई रोझेटा ते ऐकून देवापुढे गुडघे टेकून रडली. तिला वाटले, सुटला मुलगा. पण राज्याचे न्यायालय म्हणाले, नवा पुरावा मांडण्याची मुदत टळली आहे. अशा गुन्ह्यात माफी द्यायची ती त्या राज्याच्या गव्हर्नरने, म्हणजे तिथल्या निवडून आलेल्या प्रमुखाने. त्या गव्हर्नरची निवडणूक तोंडावर आली होती, आणि खुन्याला सोडणारा म्हणून त्याला मतदारांपुढे जायचे नव्हते. त्याने अर्ज न वाचताच परत पाठवला.

शिष्य मात्र निर्धास्त होता. रोझेटाला तो पहिल्यापासून सांगत आला होता, "मावशी, या खालच्या लोकांच्या नादी नका लागू. आपली ओळख थेट वर आहे."

हे वाक्य वाचून अमेरिकेला हसू नका. आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? नळाला पाणी आले नाही तरी आपण मंत्र्याच्या मेहुण्याचा नंबर शोधतो. वर बसलेल्याने मनात आणले की काहीही होते, ही श्रद्धा साऱ्या जगात सारखीच आहे. शिष्याला कायदा ठाऊक नव्हता असेही नाही. पण कायदा ठाऊक असणे वेगळे आणि आशा सोडणे वेगळे.

देहदंडाच्या आदल्या दिवशी दुपारी आचार्य, शिष्य आणि रोझेटा असे तिघे राष्ट्राध्यक्षांच्या दालनात पोहोचले. राष्ट्राध्यक्ष मनाने चांगला माणूस होता, हे आधीच सांगून ठेवतो. तो वाईट असता तर ही गोष्ट फार सोपी झाली असती. त्याने सारे कागद स्वतः वाचले. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला.

"आचार्य, हा माणूस निरपराध आहे," तो म्हणाला. "पण माझा माफीचा अधिकार केंद्राच्या कायद्याखालच्या गुन्ह्यांपुरता. राज्याच्या शिक्षेला मला हात लावता येत नाही. हे तुम्हीच मला शिकवलंत."

शिष्याचा संयम सुटला. "साहेब, सारी सैन्यदलं तुमच्या हाताखाली आहेत. तुमच्या एका शब्दावर शहरंच्या शहरं बेचिराख होतील. आणि एक माणूस तुरुंगातून बाहेर काढता येत नाही? मग या खुर्चीला अर्थ काय?"

रोझेटा पुढे सरकली. ती हळूच म्हणाली, "साहेब, उद्या संध्याकाळी आहे."

राष्ट्राध्यक्ष उठला, खिडकीपाशी गेला आणि तसाच परत आला. "ठरलं. केंद्राचे पोलीस, आपले मार्शल, पाठवतो. ते तुरुंगात शिरून त्याला ताब्यात घेतील. मग न्यायालयं काय म्हणायचं ते म्हणोत, माणूस तर जिवंत राहील. आचार्य, आदेश तुम्ही लिहा. तुमच्यासारखा मसुदा कोणाला जमणार?"

आचार्य शेजारच्या खोलीत गेले. शिष्याने रोझेटाचा हात घट्ट धरला. त्या बाईने त्या दिवसात पहिल्यांदाच पाणी मागितले.

थोड्या वेळाने आचार्य आदेश घेऊन आले. राष्ट्राध्यक्षाने लेखणीचे टोपण काढले, मजकूर वाचला, मान हलवली. मसुदा निर्दोष होता. सही करायला तो वाकला आणि त्याचा हात थांबला. सहीच्या जागेखाली त्याचे नाव नव्हते. त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे होते.

हा प्रतिस्पर्धी म्हणजे आठवड्यावर आलेल्या निवडणुकीतला दुसरा उमेदवार. विरोधकांना मी तुरुंग दाखवीन, असे तो भर सभेत सांगे आणि लोक टाळ्या वाजवत. राष्ट्राध्यक्ष त्याला पाण्यात पाहत असे.

"आचार्य, ही चूक झाली."

"चूक नाही. वाच पुन्हा."

"या माणसाच्या हाती असला आदेश?" राष्ट्राध्यक्ष ओरडलाच. "न्यायाधीशाला न विचारता राज्याच्या तुरुंगातून माणूस उचलून न्यायचा? हा कोणाकोणाला उचलेल!"

तेव्हा आचार्य बोलले. "तुला ही खुर्ची कोणी दिली? लोकांनी, पण राज्याराज्यांतून. प्रत्येक राज्य आपले निर्वाचक निवडतं, ते निर्वाचक तुला निवडतात. ज्या राज्यांनी तुला इथे बसवलं, त्यांच्या तुरुंगांच्या किल्ल्या त्यांनी तुला दिलेल्या नाहीत. आज तू दार फोडशील ते दयेपोटी. पण फोडलेलं दार पुढच्याला उघडंच सापडतं. तुझी दया तुझ्याबरोबर घरी जाईल, वाट मात्र त्या खुर्चीपाशी राहील. कुठलाही अधिकार हातात घेताना खाली त्याचं नाव लिहून बघ, ज्याच्या हाती तो पडू नये असं तुला वाटतं. तरीही सही करावीशी वाटली तर कर."

राष्ट्राध्यक्षाने लेखणी खाली ठेवली.

रोझेटाला त्यांचे सगळे बोलणे कळले नसेल. लेखणी मात्र तिला दिसली. "म्हणजे नाही?" तिने विचारले.

आचार्य तिच्यासमोर उभे राहिले. "नाही, बाई. आणि ते मी केलं. त्याला दोष देऊ नका."

राष्ट्राध्यक्षाने तिथल्या तिथे गव्हर्नरला फोन लावला. विनंती केली, गळ घातली, हातापाया पडायचेच तेवढे बाकी ठेवले. आपल्या भावनांचा मला आदर आहे, असे गव्हर्नर म्हणाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॅल्विनला मारण्यात आले.

म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, असे आपण म्हणतो. फार शहाणी म्हण आहे. पण ज्याच्या घरची म्हातारी गेली त्याला ती ऐकवून बघा. मला तरी ते धाडस होणार नाही. शिष्यालाही झाले नाही. तो त्याच आठवड्यात आचार्यांचे घर सोडून गेला. जाताना दारातून म्हणाला, "तुम्हाला माणसापेक्षा घटना प्यारी आहे."

पुढे मतदान झाले. देशभरची मते मोजली तर प्रतिस्पर्ध्याला कमीच पडली होती, पण राज्याराज्यांचे निर्वाचक त्याच्या पारड्यात अधिक गेले. अमेरिकेत तसे होऊ शकते. जानेवारीत त्याने घटनेचे रक्षण करण्याची शपथ घेतली.

उन्हाळ्याआधीच त्याने आपला शब्द खरा करायला सुरुवात केली. उत्तरेकडच्या एका राज्यात एक शाळामास्तरीण त्याच्याविरुद्ध मोर्चे काढीत होती. रस्ता अडवला म्हणून राज्याच्या पोलिसांनी तिला कोठडीत ठेवले होते, आणि न्यायाधीशाने जामीनही मंजूर केला होता. ती सुटायच्या आधीच केंद्राचे मार्शल कोठडीत शिरले आणि तिला घेऊन गेले. न्यायालयाचे वॉरंट नव्हते, होती फक्त राष्ट्राध्यक्षांची सही. तिच्या आईने वकील शोधला. तो नेमका आपला शिष्य निघाला.

प्रकरण केंद्राच्या न्यायालयात गेले. तिथल्या न्यायाधीशांनी सरकारच्या वकिलाला एकच गोष्ट विचारली. "राज्याच्या कोठडीतून असा माणूस उचलल्याचं एखादं तरी आधीचं उदाहरण आहे? कोणत्याही राष्ट्राध्यक्षाचं?"

सरकारी वकील हुशार होता. त्याने सगळे दप्तर धुंडाळले होते. "नाही, महाराज," तो म्हणाला. "एकही नाही."

शिष्य आपल्या जागी उभा होता, तो खाली बसला. उदाहरण होता होता राहिले होते. ते असते तर सरकारी वकिलाने तेच सर्वांत आधी वाचून दाखवले असते: एका सज्जन राष्ट्राध्यक्षाने एका निरपराध माणसासाठी दिलेला आदेश, आणि त्या आदेशासाठी ओरडणारा स्वतः हा शिष्य. न्यायाधीशांनी मास्तरणीला सोडण्याचा हुकूम दिला. तिच्या आईने शिष्याला मिठी मारली. त्याला आनंद झाला नाही.

तो आचार्यांकडे गेला. ते आता अंथरुणाला खिळले होते. त्याने सारे सांगितले आणि म्हणाला, "आचार्य, तुमचंच बरोबर होतं."

आचार्यांनी मान फिरवली. "ते मला सांगू नकोस. मी काहीच गमावलं नाही. मला बरोबर म्हणायचा हक्क एकाच माणसाला होता, आणि तो आता बोलू शकत नाही. त्याच्या आईकडे जा. ती काय म्हणेल ते ऐकून घे, उलट उत्तर देऊ नकोस."

शिष्य दक्षिणेला गेला. रोझेटा अंगणात कपडे वाळत घालीत होती. तिने त्याला बसायला सांगितले नाही, पण जा असेही म्हटले नाही. तो उभ्या उभ्याच बोलत राहिला: ती मास्तरीण, न्यायाधीशांचा प्रश्न, सरकारी वकिलाचे उत्तर. सगळे ऐकून होईपर्यंत तिचे कपडे संपले.

"ती पोरगी घरी आली?" रोझेटाने विचारले.

"आली."

"तिला आई आहे?"

"आहे, मावशी. तिनंच मला बोलावलं होतं."

"कॅल्विन कोण, हे तिला ठाऊक आहे?"

शिष्याने मान खाली घातली. "नाही."

रोझेटाने रिकामी बादली उचलली. "मग इथं कशाला आलास? मला सगळं ठाऊक आहे. तिला जाऊन सांग."

शिष्य आल्या पावली परत फिरला. उत्तरेचा प्रवास लांबचा होता. सांगताना सुरुवात कुठून करायची, ते त्याला वाटभर सुचले नाही.