साळुंकीचं नाव फळ्यावर

वर्गात बोलणाऱ्या मुलांच्या यादीत माझ्या लेकीचं, ईश्वरीचं नाव फळ्यावर लागलं. तिला बोलायला शिकवू की गप्प राहायला, या काळजीनं माझी झोप उडाली. मी स्वतः शाळेत कधी तोंड उघडलं नाही. म्हणून सरळ उपदेश न करता तिला एक गोष्ट सांगितली.

फार फार पूर्वी वडाच्या फांदीवर बगळे गुरुजींची शाळा भरायची. एकदा साळुंकी ओरडली, “गुरुजी, फांदी कडकडतेय!”

“मध्येच बोलतेस? लिहा रे हिचं नाव फळ्यावर!”

“लिहा, पण आधी उडा!”

घाईघाईनं नाव लिहून सगळे उडाले, आणि फांदी कोसळली. अख्खी शाळा हवेत घिरट्या घालत त्या एवढ्याशा साळुंकीकडे बघतच राहिली. गुरुजींनी खोडावरच्या फळ्यावरून तिचं नाव स्वतःच्या पंखानं पुसलं.

ईश्वरी म्हणाली, “आणि फांदी मोडली नसती, तर पुसलं असतं?”