मनोऱ्याची भेग

शहरातल्या इमारती एकमेकींशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. भर चौकात एका वर्तमानपत्राची जुनी दगडी इमारत होती. तिच्या समोर घड्याळाचा मनोरा होता, एका बाजूला मंडई आणि दुसऱ्या बाजूला नाट्यगृह.

एकदा इमारतीला मनोऱ्याच्या माथ्याजवळ मोठी भेग दिसली. "उद्या हे छापते," ती म्हणाली.

"चौकाची अब्रू घालवू नकोस. गिऱ्हाइकं फिरकणार नाहीत," मंडई म्हणाली. मनोऱ्याने तर इमारतीशी बोलणंच टाकलं.

तरी तिने बातमी छापली. ती वाचून लोकांनी मनोऱ्याखाली बसणाऱ्या भाजीवाल्यांना हलवलं. दोनच दिवसांत माथा कोसळला. खाली कोणी नव्हतं.

"तू लिहिलंस म्हणून तो पडला," मंडई फणकारली. नाट्यगृहानेही तिचीच री ओढली.

इमारत संतापली. "त्या भाजीवाल्या आज जिवंत आहेत, आणि तुम्हाला माझ्या शाईचा राग येतो?"

मग नाट्यगृह हळूच म्हणालं, "माझ्या छपराचं तेवढं लिहू नकोस."

"आज प्रयोग आहे?"

"आहे. सगळी तिकिटं गेलीत."

इमारतीने त्याच क्षणी छपाईची यंत्रं सुरू केली.