दिव्यातलं तेल

जनावरांच्या जत्रा भरत त्या काळी एका कावळ्याला पाळण्यांचं भारी वेड होतं. एकही जत्रा तो चुकवत नसे आणि एकाही पाळण्याला नावं ठेवल्याशिवाय सोडत नसे.

एकदा माकडाचा आकाशपाळणा करकरताना ऐकून तो खेकसला, "अरे, आसाला तेल कधी घातलंस?"

"तेल देवापुढच्या दिव्यात घातलं," माकड म्हणालं. "पाळण्याला हार घातला, नारळही फोडला. आता काय होतंय?"

"मग रांगेतल्या सशाच्या पिल्लांआधी तूच बस की!"

माकड ऐटीत बसलं. पाळणा वर गेला, कर्रकन वाजला आणि तिथेच अडकला.

"कावळेबुवा, काहीतरी करा हो!" माकड किंचाळलं.

कावळा शेजारी येऊन टेकला. "घाबरतोस कशाला? खाली दिवा छान तेवतोय."