सोळावी पायरी

शुद्धलेखन चुकेल, शब्दही साधेच आहेत. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे.

वाघदऱ्याच्या पठारावर पवनचक्क्या आल्या. सुटे भाग गावातच बनतील, असे सांगून कंपनीने जागा घेतली होती. पण खिळासुद्धा बाहेरून आला. उन्हाळ्यात एका चक्कीच्या शिडीची सोळावी पायरी तुटली आणि सुबराव लोहाराचा धाकटा भाऊ बाळकू पडून मेला.

दोन महिन्यांनी मोठे साहेब आले. त्याच शिडीने वर जाऊन, चक्की पाहून ते खाली उतरले. गाव जमलेच होते. सरपंचबाईंनी सुटे भाग गावातच बनवण्याच्या शब्दाची आठवण करून दिली.

साहेब हसले. "बाई, तुमची माणसं विळे-कोयते करणारी. गावठी लोखंडाच्या भरवशावर मी जीव टाकणार नाही."

सुबराव चारचौघांत कधी बोलत नसे. घसा खाकरून तो म्हणाला, "साहेब, आत्ताच टाकलात."

"म्हणजे?"

"सोळावी पायरी खालून बघा. आम्ही आमच्या प्रत्येक कामावर तीन ठिपके ठोकतो. भावाचं तेरावं झालं अन् तुमच्या कंत्राटदारानं ती माझ्याकडूनच करून घेतली. वर कंपनीचा रंग फासला. दुसऱ्या कुणाचा भाऊ पडू नये, म्हणून केली."

साहेबांनी माणूस वर धाडला. वरून हाक आली, "आहेत साहेब, तीन ठिपके!"

कुणालाच हसू आले नाही. साहेबांनी मान खाली घालून शिड्यांचे काम गावाला लिहून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुबराव हातोडा घेऊन शेजारच्या चक्कीवर चढला आणि कंपनीची एकेक पायरी ठोकून पाहू लागला.